मठारलेली गाडी

नाशिकच्या भांडी बाजारालगत, तांबट आळीत, एकेकाळी दिवसभर ठोक्यांचा आवाज चाले. तो आता बराच विरळ झाला आहे. पण त्या ठोक्यांनी मराठीला एक नेमका शब्द देऊन ठेवला आहे: मठारणं. ठोकून आकार आणणं हे वेगळं आणि मठारणं वेगळं. आकार येऊन गेल्यावर, त्याला धक्का न लावता, एकाला लागून एक असे हलके ठोके देत पत्रा एकसारखा आणि ताठ करायचा, याला मठारणं म्हणतात. जुन्या हंड्याच्या पोटावर जे चकाकते ठिपके दिसतात, त्यांनी हंड्याला शोभा येते हे खरं; पण हंडा कडक झालेला असतो तोही त्याच ठोक्यांनी.

घरच्या शेडमध्ये लोखंडी नळ्यांची चौकट जोडून स्पोर्ट्स कार बांधायची आणि तिच्यावर हाताने घडवलेली ॲल्युमिनियमची बॉडी चढवायची, हा उद्योग आपल्याकडे परका वाटतो. अवजारांची नावंही परकीच आहेत: इंग्लिश व्हील (दोन चाकांमध्ये पत्रा दाबणारं यंत्र), डॉली (पत्र्याखाली धरायचा लोखंडी ठोकळा), श्रिंकर (पत्र्याची कड आकसवणारं अवजार). पण पत्र्याच्या बाजूने पाहिलं तर काम तेच आहे जे घंगाळ घडवणाऱ्याने पिढ्यान् पिढ्या केलं. म्हणून माझं मत असं की, या गाडीची रेघ काढतानाच पत्रा कुठे ताणायचा, कुठे आकसवायचा आणि सांधा कुठून न्यायचा हे ठरलं पाहिजे. आधी सुंदर चित्र काढायचं आणि पत्र्याचं नंतर बघायचं, असा क्रम लावला की काम अडतं. ते बहुतेक वेळा नाकाशी, म्हणजे गाडीच्या पुढच्या टोकाशी, अडतं.

कायद्याचं आधी सांगून मोकळं होऊ. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे गाडीच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. एकट्याने बांधलेल्या एका गाडीसाठी तो खर्च आणि खटाटोप झेपणारा नाही. ही गाडी बंदिस्त ट्रॅकसाठी किंवा खासगी जागेसाठी आहे असं धरूनच तिची आखणी करावी.

आता ॲल्युमिनियमच का? दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा चौरस मीटरला चार किलो भरतो. ०.८ मिमीचा पोलादी पत्रा सव्वासहा किलो भरतो. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे पोलादाचा मूळ ताठपणा ॲल्युमिनियमच्या तिप्पट असूनही हा दीड मिमीचा पत्रा त्या पोलादी पत्र्याच्या दुपटीहून अधिक ताठ निघतो. वजन दोन तृतीयांश, ताठपणा दुप्पट. दोन माणसांच्या लहान, उघड्या गाडीची कातडी साधारण आठ चौरस मीटर धरली तर बॉडी बत्तीस-तेहतीस किलोंत बसते. कापताना वाया जाणारा पत्रा धरून आठ बाय चार फुटांचे चार पत्रे आणावेत. एक पत्रा सुमारे बारा किलोंचा असतो.

पत्रा घेताना जाडीपेक्षा मिश्रधातूकडे लक्ष द्यावं. शुद्धाच्या जवळचा ११०० क्रमांकाचा किंवा थोडं मँगनीज असलेला ३००३, दोन्ही अर्धकडक म्हणजे एच१४ अवस्थेत, हे हाताने घडवण्याचे पत्रे. ५०५२ मजबूत आहे, पण ठोके पडू लागले की भराभर कडक होतो. तो सपाट बाजूंना आणि फरशीला वापरावा. ६०६१-टी६ हा उष्णता देऊन कडक केलेला पत्रा वळवतानाच तडकतो. नाशिकमध्ये आणखी एक मोह असतो. १९६४ साली ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आला, तेव्हापासून ‘विमानाचा पत्रा’ या शब्दाला इथे वजन आहे. पण विमानाच्या कातडीला वापरतात ते २०२४ किंवा ७०७५ सारखे पत्रे खोल आकाराला नकार देतात, आणि त्यांचा सांधा वितळवून जोडला की शेजारी चीर जाते. ते रिव्हेटसाठी बनवलेले असतात. गाडीच्या नाकाला साधा, मऊ पत्राच हवा.

आखणीची सुरुवात चाकापासून करावी. सस्पेन्शनची स्प्रिंग काढायची, चाक जॅकने बंप स्टॉपला, म्हणजे त्याची वरची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर न्यायचं आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. टायरने व्यापलेली सगळी जागा पुठ्ठे कापून उभी करायची आणि तिच्याभोवती किमान पंचवीस-तीस मिमी मोकळी जागा सोडायची. मडगार्डची उंची तिथे ठरते, मनातल्या चित्राप्रमाणे नाही. मग इंजिनाचा सर्वांत उंच बिंदू, रेडिएटरचा माथा, पेडलवर बसलेला बूट, चालकाचा खांदा आणि हेल्मेट. हे बिंदू भिंतीवर लावलेल्या कागदावर खऱ्या मापात उतरले की रेघ कुठून जाऊ शकते आणि कुठून नाही हे डोळ्यांना दिसतं. रेडिएटरला हवा देणारं तोंड आतून नीट बंदिस्त केलेलं असेल तर ते कोअरच्या, म्हणजे रेडिएटरच्या जाळीच्या, तिसऱ्या हिश्शाएवढं असलं तरी चालतं. हवा बाहेर पडायची वाट मात्र तोंडाहून मोठी लागते. वाट ठेवली नाही तर मोठं तोंडही गाडी थंड ठेवणार नाही. नाशिकच्या एप्रिलमध्ये ही चूक लपत नाही.

खऱ्या मापाची रेघ सागाच्या लवचिक पट्टीने काढावी. पट्टी चार-पाच जागी वजनांनी धरली की ती आपोआप सलग वळण घेते, आणि कुठे अडखळली तर तिथे बिंदू चुकला आहे असं समजावं. शेजारी एकास पाच मापाचं मातीचं किंवा फोमचं मॉडेल हवंच. कागदावर तीन दिशांनी बरोबर दिसणारी गाडी चौथ्या दिशेने सुजलेली दिसू शकते.

मग सांगाडा. याला कारागीर बक म्हणतात. बारा मिमी प्लायचे उभे-आडवे काप एकमेकांत खाचून बसवायचे, मधल्या भागात दर दीडशे मिमीवर आणि नाकाशी, मडगार्डशी दर पंचाहत्तरवर. प्रत्येक काप पत्र्याच्या जाडीएवढा, म्हणजे दीड मिमी, आतून कापायचा. हे विसरलं की सगळी गाडी तीन मिमीने रुंद होते आणि बॉनेट जुळत नाही. डाव्या-उजव्या बाजूसाठी एकच अर्धा नमुना पालथा घालून वापरायचा. सहा मिमीच्या सळईचाही सांगाडा करतात. तो हलका असतो आणि पत्र्याखाली कुठे फट आहे ते बाजूने पाहता येतं. लाकडी असो की सळईचा, सांगाड्यावर पत्रा ठोकायचा नाही. तो माप घेण्यासाठी आहे. ऐरण म्हणून वापरला तर आठवड्याभरात तोच आकार सोडतो.

आता कागद. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त शिकवणारी वस्तू हीच वाटते, आणि बहुतेक जण घाईत तिला वगळतात. खाकी कागदाचा तुकडा सांगाड्यावर ठेवायचा, मधोमध टाचण्या मारायच्या आणि कडेकडे हात फिरवत नेत राहायचं. कागद ताणला जात नाही, त्यामुळे तो खरं तेच सांगतो. उभाराच्या जागी कडेला चुण्या पडतात: तिथे कागद जास्त होतो आहे, म्हणजे पत्र्याची कड आकसवावी लागेल किंवा मधला भाग ताणून वर काढावा लागेल. मडगार्ड जिथे नाकाला मिळतं तिथे आकार खोगिरासारखा, एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळलेला असतो. तिथे कागद बसतच नाही; कडेला कात्री लावावी लागते आणि कापलेली जागा उघडते. तिथे पत्र्याची कड ताणावी लागेल. प्रत्येक चुणीवर ‘आ’ आणि प्रत्येक उघड्या फटीवर ‘ता’ असं लिहायचं, आणि शेजारी ती किती मिलिमीटरची आहे तो आकडा. कागद सपाट केला की हातात असतो तो त्या पॅनेलचा पूर्ण नकाशा.

आकडे पाहून निर्णय होतो. सहाशे मिमीच्या कडेवर चुण्यांची बेरीज आठ-दहा मिमी भरत असेल, तर मधला भाग व्हीलवर ताणून ती सहज जिरते. चाळीसच्या पुढे गेली तर कड आकसवल्याशिवाय सुटका नाही, आणि तेही अवघड दिसत असेल तर सांधा तिथूनच न्यावा. एका मोठ्या पॅनेलऐवजी दोन लहान पॅनेल करण्यात कमीपणा नाही. एका माणसाने व्हीलवर धरून फिरवायचं पॅनेल नऊशे बाय सहाशेच्या पुढे नेऊ नये. हात थकले की पत्रा लोंबतो आणि व्हीलखालची रेघ वाकडी जाते.

नुसतं ताणून खोल आकार काढायला गेलं तर काय होतं, त्याचं गणित सोपं आहे. तीनशे मिमी व्यासाच्या गोल पत्र्याची कड जागच्या जागी ठेवून मध्ये साठ मिमीचा उभार काढला, तर क्षेत्रफळ १६ टक्क्यांनी वाढतं. धातू तेवढाच, म्हणजे दीड मिमीचा पत्रा सरासरी १.२९ वर येतो, आणि शेंड्याशी त्याहून पातळ होतो. पुढे कानस फिरेल तेव्हा आणखी एक दशांश मिलिमीटर जाईल. उकडीच्या मोदकाची पारी करणाऱ्या प्रत्येक हाताला हे ठाऊक असतं: मधे दाबून दाबून खोलगा केला तर तळ फाटतो. म्हणून कडेला चुण्या घेतात आणि जास्तीची उकड वर गोळा करतात. पत्र्यालाही तसंच. चिंचेच्या ओंडक्यात दीडशे-दोनशे मिमी रुंद आणि चाळीस मिमी खोल खळगा कोरायचा, पत्र्याची कड त्यावर धरून मोगरीने मारायचं, म्हणजे कडेला कळ्या उठतात. मग प्रत्येक कळीच्या दोन्ही अंगांवर आळीपाळीने मारत ती जागीच बसवायची. कळी उलगडू दिली तर कष्ट फुकट, आणि आडवी पडून तिची घडी झाली तर तिथे चीर ठरलेली. चिरेच्या आधी थांबून घडी सरळ करण्याएवढा वेळ मिळतो, पण तो ओळखावा लागतो.

ताणायचं काम वाळूच्या पिशवीवर. जाड कॅनव्हास किंवा चामड्याची पिशवी, चाळलेली कोरडी बारीक वाळू, पाऊण भरलेली. गच्च भरली तर पत्रा आत जायला जागा राहत नाही.

खोल पॅनेलला मध्येच ताव द्यावा लागतो, म्हणजे तापवून मऊ करावं लागतं, आणि तांबटाचा अनुभव इथे एका बाबतीत फसवतो. तांबं तापलं की लाल होतं. रंग पाहून हात थांबतो. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. ६६० अंशांना वितळतं, मऊ व्हायला साडेतीनशे-चारशे पुरतात, आणि या दोन्हींच्या मध्ये डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. चांदीसारखा पत्रा चांदीसारखाच राहतो आणि मग एकाएकी भोक पडतं. म्हणून कपडे धुण्याचा साधा साबण पत्र्यावर घासायचा आणि मोठी, मवाळ ज्योत सतत फिरवत ठेवायची. साबणाचा डाग तपकिरी-काळा झाला की ज्योत बाजूला. दुसरी रीत: ऑक्सिजन न उघडता ॲसिटिलीनच्या धुराने पत्रा काजळीने काळा करायचा, मग नेहमीच्या ज्योतीने दुरून तापवायचा, काजळी नाहीशी झाली की पुरे. मग पाण्यात थंड करा की हवेत, या पत्र्यांना सारखंच. कमी उभाराच्या पॅनेलला ताव देऊच नये. अर्धकडक पत्रा व्हीलवर छान चालतो आणि मऊ केलेल्या पत्र्याला बोटाचा दाबही खळगा पाडतो.

इंग्लिश व्हील म्हणजे वर एक सपाट तोंडाचं मोठं चाक, खाली गोलाई असलेलं लहान चाक आणि त्यांच्यामधून पुढे-मागे सरकणारा पत्रा. मठारण्याचंच काम, ठोक्याऐवजी दाबाने. दाब कमी ठेवावा. घाईत स्क्रू आवळला की पत्र्यावर समांतर पट्टे उमटतात आणि ते पुढे कशानेही पूर्ण जात नाहीत. फेऱ्या पाच-सहा मिमी सरकवत एकमेकींवर चढत्या घ्यायच्या आणि दिशा बदलताना दर वेळी जागा थोडी पुढे-मागे करायची, नाहीतर वळायच्या बिंदूंची एक रेघ उभी राहते. चाकं दर थोड्या वेळाने पुसायची. ॲल्युमिनियमची बारीक कीसही प्रत्येक फेरीला पत्र्यावर टोचा पाडते. पॅनेलची कड लहरू लागली तर कड जास्त लांब झाली आहे. मधला भाग डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजू लागला तर कड तोकडी पडली आहे. अशा वेळी वाजणाऱ्या जागी दाब देण्याची इच्छा होते. दिला तर ती जागा आणखी सैल होते. फेऱ्या तिच्या भोवतीने घ्याव्यात.

हे वाजणं टाळणं मुळात आखणीचं काम आहे. गाडीवर पूर्ण सपाट जागा ठेवूच नये, चौकटीला चहूबाजूंनी रिव्हेट होणारं पॅनेल सोडून. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याच्या १९५७ सालच्या लोटस सेव्हन या स्पोर्ट्स कारच्या बाजू सपाट ॲल्युमिनियमच्या आहेत, पण त्या नळ्यांना जखडलेल्या आहेत आणि चौकटीला ताठपणाही देतात. मोकळ्या बॉनेटला तसं चालत नाही. सहाशे मिमी रुंदीत चार मिमीचा उभार द्यायला पत्र्याची लांबी एक दशांश मिलिमीटरनेही वाढत नाही, व्हीलच्या थोड्या फेऱ्यांत तो येतो, आणि नजरेला पॅनेल जवळजवळ सपाटच वाटतं. तेवढ्याने बॉनेट वाजायचं थांबतं.

सांधा कुठे न्यायचा? जिथे वळण सौम्य आहे आणि दोन्ही बाजूंनी डॉली व हातोडी पोचते तिथे. तीव्र वळणापासून तीस-चाळीस मिमी दूर. खोगिराच्या तळातून कधीच नाही. कडा एकमेकींवर न चढवता तंतोतंत भिडवायच्या, कारण चढलेल्या सांध्यात फ्लक्स (गॅसने जोडताना ऑक्साइड काढणारा लेप) अडकतो आणि वर्षभरात रंगाखालून पांढरी भुकटी वर येते. जोडण्याआधी फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळ्या ठेवलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासायचं. पत्र्यावरच्या ऑक्साइडचा थर २०७० अंशांच्या पुढे वितळतो, म्हणजे खालचा धातू पाणी झाला तरी वर कातडी शाबूत राहते आणि दोन्ही कडा शेजारी असून एक होत नाहीत. दर वीस-पंचवीस मिमीवर टाके, मध्यापासून बाहेरच्या दिशेने, आणि सलग जोड चालवण्याआधी प्रत्येक टाका डॉलीवर सपाट करून घ्यायचा.

जोड गॅसच्या ज्योतीने करायचा की टिगने, म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणातल्या विजेच्या वेल्डिंगने, यावर वाद चालत राहतो. पुढे मठारायचं असेल तर माझा कल गॅसकडे आहे. गॅसचा जोड आणि त्याच्या आजूबाजूचा पट्टा मऊ राहतो. टिगचा जोड अरुंद आणि कडक असतो. टिगच वापरायचं असेल तर ४०४३ ची सळई टाळून ११०० ची घ्यावी, किंवा त्याच पत्र्याची दोन मिमी रुंद पट्टी कापून सळई म्हणून वापरावी. सिलिकॉन असलेला ४०४३ चा जोड हातोडीखाली नीट पसरत नाही. जोड थंड होताना आक्रसतो आणि सांध्याभर एक उथळ दरी पडते. ती डॉलीवर ताणूनच भरायची असते, पुट्टीने नाही. गॅसचा फ्लक्स गरम पाण्याने आणि ब्रशने त्याच दिवशी धुवावा. त्याच्या धुरात फ्लोराइड असतात, शेडचे दरवाजे उघडे असावेत.

मोकळ्या कडा तार घालून वळाव्यात. घमेल्याची कड जशी वळलेली असते तशी. तारेच्या व्यासाच्या अडीचपट पत्रा सोडायचा, म्हणजे चार मिमी तारेला दहा मिमी. दीड मिमीच्या पत्र्याला वर आणखी दोन-तीन, आणि आधी एका टाकाऊ तुकड्यावर वळून पाहायचं. वळल्यावर कड सात मिमी जाड होते. बॉनेट आणि नाकामधली फट आखताना ही जाडी धरलेली नसते, म्हणून फट बुजते. तार ॲल्युमिनियमचीच घ्यावी, लोखंडी तार आतून कड खाते.

लोखंडाची ही भीती सगळ्या चौकटीला लागू आहे. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात भिजलेली गाडी उभी राहिली आणि पत्रा थेट नळीला टेकलेला असला, तर पाण्याच्या साथीने ॲल्युमिनियम झिजू लागतं. नळीवर इपॉक्सी प्रायमर, वर ईपीडीएम रबराची पट्टी, मग पत्रा. रिव्हेट ॲल्युमिनियमचे, चार मिमी व्यासाचे, पन्नास मिमी अंतराने, कडेपासून किमान आठ मिमी आत. पाणी साचेल अशा प्रत्येक पन्हळीला सहा मिमीचं भोक. उष्णतेचाही हिशेब हवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. निफाडकडच्या जानेवारीच्या पहाटेपासून मेमधल्या दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्यापर्यंत साठ अंशांचा फरक धरला, तर दोन मीटर लांबीच्या पॅनेलमध्ये आणि त्याखालच्या नळीमध्ये १.३ मिमीचा फरक पडतो. एका टोकाला गोल भोकं आणि दुसऱ्या टोकाला लांबट भोकं ठेवली तर हा फरक तिथे जिरतो. नाहीतर उन्हात पॅनेल फुगतं आणि मधले रिव्हेट सैल होतात.

शेवटचा हात कानशीचा. लांब, वळवता येणारी बॉडीची कानस पॅनेलवर तिरकी फिरवली की उंच जागा चमकतात आणि खोल जागा तशाच मंद राहतात. मंद जागा खालून हलक्या ठोक्याने वर आणायची, पुन्हा कानस. पत्रा १.२ ऐवजी दीड मिमीचा घेतला तो या कानशीसाठीच. मग शेडमधली एक लांब ट्यूबलाइट सोडून बाकीचे दिवे बंद करायचे आणि तिचं प्रतिबिंब पॅनेलवर नाकापासून मागच्या चाकापर्यंत चालवत न्यायचं. ती रेघ जिथे मुरडते तिथे खडूची खूण करायची. हाताला जाणवत नाही असा अर्धा मिलिमीटर या प्रकाशात दिसतो. सांध्यावर रेघ थरथरली नाही तर पॅनेल रंगाला द्यावं.

खाकी कागदांचे नकाशे मात्र टाकू नयेत. प्रत्येकावर पॅनेलचं नाव, बाजू आणि पत्र्याची जाडी लिहून, गुंडाळी करून, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घालून शेडच्या आढ्याला टांगून ठेवावेत. ट्रॅकवर पहिला मार नाकाला बसतो, आणि नवं नाक घडवताना सांगाड्याच्या आधी तो कागद लागतो.